आखाजीचा चंद्र आणि खालचे लूम

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. सुरतला पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. शॉक बसला तर मी वायर शोधतो, मांत्रिक नाही. तरी पण...

राहतो उधन्यात, वरच्या मजल्यावर. तळाला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, सतत धडधड. चंद्राचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा आकाशदर्शनाच्या ग्रुपवरच्या जाणत्यांनी बजावलं होतं — दुर्बिणीची नळी छोटी चालेल, स्टँड दणकट घ्या. पण दुकानदार म्हणाला, "लंबी नली लो भाई, दूर तक दिखेगा!" झालं! लांब नळी घेतली आणि तिच्यासोबत आलेलं काटकुळं स्टँड. त्यावर सेकंडहँड कॅमेरा चढवला की चंद्र लूमच्या तालावर नाचायचा. एका फोटोत तर त्याला मिशा आल्या होत्या.

शेवटी बायकोने, सुनीताने, निर्वाणीचं सांगितलं, "आखाजीपर्यंत एक तरी चंद्र धड काढा. नाहीतर ही तोफ विका, मला गच्चीत कपडे वाळत घालायचेत."

माझा तर जीव अडकला होता त्या तोफेत!

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही खानदेशी लोक पितरांची घागर भरतो. आमची घागर बाबांची. ते हयातभर खालच्याच लूमवर होते. सूर्य बुडाल्यावर गच्चीत स्टँड लावलं, तर आईने ती घागर आणून नेमकी त्याच्या तीन पायांमध्ये ठेवली.

"आई, इथे कशाला?"

"आठे कोना पाय लागाव नही. अन् त्यासले बी चांद दखू दे." म्हणजे इथे कुणाचा पाय लागणार नाही, आणि बाबांनाही चंद्र दिसेल.

घागर स्टँडला टेकलेलीसुद्धा नव्हती. खाली लूम चालूच — सेठच्या कॅलेंडरात आखाजी नसते. शेजारच्या बादलीतलं पाणी थरथरत होतं... घागरीतलं नाही. मी बटण दाबलं. तृतीयेची कोर, अगदी स्वच्छ! अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तीच घागर, तीच जागा — चंद्र पुन्हा नाचला. वजन, वारा, सगळं तपासलं. उत्तर आजही नाही.

आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "त्यासना हात पयलेपासून थीर व्हता." आणि पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले.

तोफ वाचली. यंदा घागर भरताना सुनीतानेच हात जोडले, "मामंजी, या वेळी गुरू ग्रहाच्या फोटोलाही जरा स्टँड धरा. नाहीतर हे नवं स्टँड आणायला निघालेत."