सिनियरची लाल गिटार

फौजेतून पेन्शनीत आलेल्या माणसाकडून गावाच्या दोनच अपेक्षा असतात. एक कँटीनची बाटली आणि दुसरी लढाईची गोष्ट. कोरेगावकडच्या ज्ञानू बर्ग्याने बाटलीच्या बाबतीत कधी हात आखडता घेतला नाही, पण गोष्टीच्या नावाने शंख होता. त्याची सगळी नोकरी रेजिमेंटच्या जाझ बँडमध्ये गेली. साहेबांच्या मेसमध्ये नाच असला, जवानांचा बडा खाना असला, की हा कोपऱ्यात उभा राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याचा चुलतभाऊ लालासाहेब मांडीत गोळी घेऊन आलेला. तो डेअरीच्या कट्ट्यावर चारचौघांत म्हणायचा, "आमी गोळ्या खाल्ल्या, आन् आमचा ह्यो गडी दुश्मनाला गाणी ऐकवून आला."

ज्ञानू हसायचा. त्याला राग असा कुणाचा येत नसे. आणि आला, तरी तो पोटात ठेवणं जमत नसे, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला आणि रेजिमेंटला सारखंच माहीत होतं. एक सल मात्र त्याने आयुष्यभर जपला. अर्थात तोही गुपचूप नव्हे. त्याची बायको बनुबाई तो सगळा किस्सा आता त्याच्याआधी सांगून मोकळी व्हायची.

किस्सा एका लाल गिटारीचा.

बँडमध्ये तेव्हा गिटारीसाठी दोन पोरं निवडली होती. एक ज्ञानू आणि दुसरा आष्ट्याचा वजीर मुजावर. वजीर आठवडाभर आधी येऊन दाखल झालेला, म्हणून सिनियर. फौजेत आठवड्याचा सिनियर म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाच्या वर. ज्ञानूचं तर निवडीवरच अडलं होतं. पोरसवदा वयात ऊस तोडताना कोयता निसटला आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कायमचं आखडलं. बँडचे उस्ताद ते बोट उलटसुलट करून बघत म्हणाले होते, तीन महिन्यांत हात बसला तर ठीक, नाहीतर बिस्तरा गुंडाळून परत कंपनीत, रायफल खांद्यावर घेऊन.

मग उस्तादांनी स्टोअरमधून दोन पेट्या मागवल्या. एकीत तपकिरी गिटार निघाली, कडेचे टवके उडालेली. दुसरीत लाल. वाळवणातल्या मिरचीसारखी लाल, आणि वर असं पॉलिश की त्यात तोंड दिसावं. ज्ञानूचा जीव तिथेच अडकला. वजीरने आधी तपकिरी उचलून वाजवली, खाली ठेवली. लाल उचलली, दांडीवरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली, एकदा ज्ञानूकडे पाहिलं आणि ती गळ्यात अडकवली.

"मी सिनियर हाय. ही माजी," तो म्हणाला. "हिला हात लावायचा न्हाई."

आणि ज्ञानूला त्याने खरंच कधी हात लावू दिला नाही. तपकिरीवर ज्ञानूचा हात तीन महिन्यांत बसला, आणि नोकरी सरेपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. वर वजीरची धून, खाली ज्ञानूची साथ. मेसमधल्या बायका वजीरकडे बघायच्या आणि साहेब लोक वजीरची पाठ थोपटायचे. ज्ञानूला वाटायचं, अरे, ती गिटारच तशी आहे, माझ्या गळ्यात असती तर माझीही थोपटली असती. ज्याच्या डोळ्यांत रंग भरला, त्याला बाकी काय दिसतंय! वजीर रात्री बराकीत तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून बसायचा, तर ज्ञानूला तेही नखरेच वाटायचे.

एकदा वर्षअखेरच्या नाचाला वजीरला सडकून ताप भरला. ज्ञानूने मनात धरलं, देव पावला, आज लाल आपली. त्याने पेटीला हात घालताच हा पठ्ठ्या ब्लँकेट फेकून उठला, पेटी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि भर तापात, थरथरत, सगळा कार्यक्रम वाजवून आला. ज्ञानू त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. ज्ञानूने महिनाभर न बोलणं म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

पुढे दोघं पेन्शनीत आले. दोन्ही गिटारी जशा घेतल्या तशा स्टोअरला जमा केल्या आणि रिकाम्या हातांनी घरी परतले. वजीरने आष्ट्यात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो जत्रेला भडंगाची पिशवी घेऊन ज्ञानूकडे यायचा, ईदला ज्ञानू कंदी पेढे घेऊन आष्ट्याला जायचा. दोस्ती अशी की बनुबाई वजीरला भाऊबीजेला ओवाळायची. पण लाल गिटारीचा विषय निघाला की वजीर हसून म्हणायचा, "सिनियॉरिटी गड्या, सिनियॉरिटी." आणि ज्ञानूच्या आत काहीतरी टोचायचं. चांगल्या माणसालाही एखादी गोष्ट आयुष्यभर टोचू शकते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ज्ञानूला पुढे वाटली.

गेल्या साली वजीर गेला. ज्ञानूने आष्ट्याच्या कब्रस्तानात मूठमूठ माती लोटली आणि परतताना एसटीत त्याला जाणवलं, की आपण ज्या धुनेखाली उभं राहून वाजवत होतो ती आता जगात कुठेच वाजणार नाही.

वजीरचा पोरगा मतीन. त्याने मिरजेला सतारीच्या कारागिराकडे हात घडवला, पण त्याची ओढ बापासारखी गिटारीकडे. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये, तो हाताने इलेक्ट्रिक गिटारी बनवतो. वर्षाकाठी चार-पाच, जास्त नाहीत. पुण्या-बंगळूरचे वाजवणारे त्यासाठी महिनोन् महिने थांबतात. या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"काका, दोन गिटारी तयार हायत. एक पुण्याच्या गिऱ्हाइकाची, एक तुमची. पहिली निवड तुमी करायची, मग उरंल ती त्यांची. अब्बांनी तसं सांगून ठेवलंय. मला उशीर झाला खरा. ते गेल्यावर हातच चालंना."

फोन ठेवून ज्ञानू तडक बनुबाईकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"आवं, ह्या वयात गिटार?" बनुबाई म्हणाली. "आदी गुडघं बगा."

"गिटार गुडघ्यानं वाजवत न्हाईत."

"मग नेसा धुतल्यालं धोतार आन् जावा. आन् आता निवड तुमची हाय, तर मागनं मला रडगानं ऐकवू नगासा."

सातारा, कराड करत एसटी आष्ट्याच्या स्टँडला लागली, तेव्हा ज्ञानूने सवयीने पेढ्यांची पिशवी उचलली आणि तो उठून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, तुमचं तिकीट सांगलीचं हाय." ज्ञानू पुन्हा बसला.

मतीनच्या शेडमध्ये लाकडाचा आणि पॉलिशचा वास भरला होता. भिंतीला गिटारींची अर्धवट कोरलेली खोडं टांगलेली. मतीनने पाणी दिलं, पंखा ज्ञानूकडे फिरवला आणि दोन गिटारी टेबलावर चादर अंथरून ठेवल्या.

एक शिसवीची होती. रंग दिलाच नव्हता, लाकडाच्या काळ्या-तपकिरी रेघा तशाच वर दिसत होत्या. आणि दुसरी लाल. तीच लाल.

"अब्बा शेजारी बसून रंग सांगायचे," मतीन म्हणाला. "मी चार वेळा खरवडून परत दिला. ह्यापेक्षा गडद, ह्यापेक्षा उजळ, असं चाललं हुतं."

ज्ञानूने आधी शिसवीची घेतली. जड, पण गळ्यात घातल्यावर वजन अंगाला लागेना. त्याने साथीचे जुने सूर धरले. आवाज खालून, भरून आला, जात्याच्या घरघरीसारखा, आणि प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. आखडलेलं बोटसुद्धा आपसूक जागेवर पडत होतं. मतीन म्हणाला, "ही तुमच्या वाजवण्याला लय बसतीया काका. साथीला हिच्यासारखी न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. ज्ञानूच्या डोक्यालाही ते पटलं. साथवाल्याने साथीची गिटार घ्यावी, यात काय चुकलं?

मग त्याने लाल घेतली. तिला हात लावताना त्याने नकळत एकदा मागे वळून पाहिलं. हलकी होती. आवाज पातळ, धारदार, वरच्या पट्टीत असा खणखणीत की पत्र्याची शेड वाजली. साथीच्या सुरांना ती जरा जास्तच बोलत होती. ज्ञानूने शिसवीची पुन्हा घेतली, पुन्हा लाल घेतली, पुन्हा शिसवीची. बैलबाजारात हौशी शेतकऱ्याने जोडीभोवती घिरट्या घालाव्यात तसा हा दोन गिटारींभोवती फिरत होता. मन कुठे अडकलंय ते त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. सत्तरीला टेकलेला माणूस, नातवंडं असलेला, आणि त्याला लाल हवी होती.

"ही," तो शेवटी म्हणाला. "लालच."

मतीन हसला. "अब्बा म्हणालेच हुते."

"काय म्हणाला हुता?"

"म्हणाले, ज्ञानू लालच उचलंल. तवा हिची दांडी तेवढी सरळ ठेव."

ज्ञानूला काही उमगलं नाही. "म्हंजे?"

मतीनने बसायचं स्टूल पुढे ओढलं. "फौजेतल्या लालची दांडी वाकडी हुती काका. तारा दांडीवरच्या पट्टीपासनं लय वर. एकेक सूर दाबायला जीव काढायला लागायचा. अब्बांची बोटं फुटायची. रगात यायचं. तुरटीच्या पाण्यात बुडवून बसायचे."

ज्ञानूच्या हातात गिटार तशीच राहिली. निवडीच्या दिवशी दांडीवरून फिरलेली वजीरची बोटं त्याला आठवली, आणि मग आपल्याकडे टाकलेली नजर. आपल्याकडे नव्हे, आपल्या हाताकडे.

"मग उस्तादला सांगायचं हुतं की."

"सांगितलं असतं तर गिटार बाद झाली असती. नवी कवा आली असती देव जाणे. एका गिटारीला एकच माणूस लागतो. ज्युनियर गेला असता परत कंपनीत. आन् लाल तुमच्या हातात गेली असती, तर त्या बोटानं..." मतीनने ज्ञानूच्या आखडलेल्या बोटाकडे पाहिलं.

"मला तरी सांगायचं. मला सांगाय काय झालं हुतं?"

"मी बी तेच इचारलं त्यांना." मतीनने नजर खाली घातली. "म्हणाले, त्याला कसं सांगू? त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

ज्ञानू आधी हसला. मोठ्याने, खांदे हलवून हसला. मग ते हसणं कधी फिरलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो स्टुलावर बसला, गिटार मांडीवर, आणि लहान पोरासारखा रडला. तापाची ती रात्र, ओढून घेतलेली पेटी आणि त्यानंतरचा आपला महिनाभराचा अबोला. वजीरने तो अबोलाही सोसला होता, पण तोंड उघडलं नव्हतं. इतकी वर्षं आपण वजीरला सिनियर सिनियर म्हणून हिणवलं, आणि तो खरोखरच सिनियर निघाला. याचं ज्ञानूला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

मतीनने चहा सांगितला. चहा निवला. मग ज्ञानूने उपरण्याने तोंड पुसलं, लाल गळ्यात घेतली आणि साथ न वाजवता सरळ वजीरची धून सुरू केली. आयुष्यात त्याने ती कधी वाजवली नव्हती, फक्त शेजारी उभं राहून ऐकली होती. बोटांना मात्र सगळी वाट ठाऊक होती. तारा पट्टीलगत होत्या. नुसतं टेकवलं तरी सूर निघत होता. मतीनने शिसवीची उचलून खालून साथ धरली.

"इथं अब्बा जरा थांबायचे," मध्येच तो म्हणाला.

"व्हय रं. म्हाईत हाय मला," ज्ञानू म्हणाला, आणि थांबला.

निघताना त्याने पैशांचा विषय काढला, तर मतीनने दोन्ही हात जोडले. लाकूड अब्बांनी स्वतः आणून ठेवलं होतं, बाकी आपण बोलायचं नाही, म्हणाला. ज्ञानूने पेढ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि शिसवीची गिटार एकदा कुरवाळून पुण्यासाठी ठेवली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. पेटी सोप्यात ठेवून त्याने झाकण उघडलं, आणि बनुबाई चुलीपुढून पदराला हात पुशीत आली.

"आगं बया, लालच आणली का शेवटी? बगू," म्हणत तिने हात पुढे केला.

"हात लावायचा न्हाई," ज्ञानू म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. दोघांनाही ते एकदमच कळलं. बनुबाईचा हात तसाच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पुन्हा भरले होते. मग तो सरकून बसला, तिचा तो खरखरीत हात धरून त्याने दांडीवर ठेवला आणि तिच्या बोटाने एक तार दाबली.

"दाबायलाच लागंना की वं," ती नवलाने म्हणाली. "लय मऊ लागतीया."

"व्हय," ज्ञानू म्हणाला. "हिची दांडी सरळ हाय."