जिन्यातलं साम्राज्य

आमच्या इमारतीत आवई अशी, की सिओर, म्हणजे श्रीयुत, एजिदिओ रोज सकाळी जिन्यातल्या ऑस्ट्रियाच्या बादशहाला मुजरा करतात. साफ खोटं. जिन्यात बादशहा नाही, नकाशा आहे. सिओर वाकतात ते त्याच्या खालच्या दांडीला कीड लागली का बघायला.

जन्मभर चष्मे विकून या माणसाने बुडालेली साम्राज्यं जमवली. रशिया कपाटावर, तुर्कांचं पलंगाखाली. ऑस्ट्रिया-हंगेरी मात्र कुठल्यातरी शाळेतलं, कापडावर डकवलेलं, भलंमोठं. आमचं त्रिएस्ते, आता इटलीतलं, त्यात अजून व्हिएन्नावाल्यांचं बंदर आहे. ते घरात मावेना, म्हणून जिन्यात.

यंदा रहिवाशांच्या बैठकीसाठी पहिल्या मजल्यावरच्या नेरिनाबाईंनी तो नकाशा काढायचा ठराव दिला. काढला, की विकणंच भाग. बैठकीआधी आठवडाभर सिओर सकाळची कॉफी कप हातात धरून जिन्यातच प्यायले.

"उदिनेचे व्याही आले होते, सिओर," बैठकीत नेरिनाबाई नाकातून, प्रत्येक शब्द ताणत म्हणाल्या. "विचारतात, अजून बादशहाची वाट बघताय का?"

"सांगायचं, गाडी लेट आहे," एजिदिओ म्हणाले.

ठराव झटक्यात पास झाला. मग नेरिनाबाई म्हणाल्या, "भिंत भुंडी दिसेल. इटलीचा लावू."

"लावा की," तिसऱ्या मजल्यावरचे स्टोयान म्हणाले. ते स्लोव्हेन, मुळं सीमेपलीकडची. "शेजारी मी आमचा लावतो. जरासा मोठा."

"जरासा म्हणजे किती?"

"तुमचा झाकेल एवढा."

"नकोच ते नकाशे. कॅलेंडर लावू."

"कुणाच्या सणांचं?"

तासभर हेच. स्टोयाननी आजोबा काढले, नेरिनाबाईंनी पणजी काढली. शेवटी बाईच दमल्या. "राहू दे मेला तोच. त्याच्या बाजूने भांडायला तरी कुणी उरलं नाही."

पुन्हा हात वर झाले, यावेळी स्टोयानचे दोन्ही.

 आता सिओर एजिदिओंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, परत घातला, आणि किडीच्या औषधाचा खर्च सगळ्यांत वाटावा असा ठराव मांडला. तो एकमताने फेटाळला गेला.

नकाशा उतरणार, अशी मी त्यांच्याशी पैज मारली होती; हरलो तर नकाशा मी पुसायचा. आता दर शनिवारी शिडीवर चढून गॅलिशिया पुसतो. बोहेमियासाठी शिडी सरकवावी लागते.