गावाची वेळ, बोटीची वेळ

ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पोस्टात, रजिस्टरच्या रांगेत. माझ्या पुढेच उभ्या होत्या. दोन्ही मनगटांवर घड्याळं, आणि दोन्ही चालू. मी नुकताच बदली होऊन या शहरात आलो होतो. नववीच्या वह्या तपासून तपासून माणसांवरही शेरे मारायची सवय जडली होती. मनात म्हटलं, हौसेला मोल नाही. तेवढ्यात खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "ताई, वाजले किती?"

"कुणाचे सांगू? तुमचे की बोटीचे?"

सगळी रांग हसली. विनोद जुना असावा, कारण हसताना कुणी मान वर केली नाही.

पुढे त्यांची मुलगी माझ्या वर्गात आली, आणि मला त्या दोन घड्याळांचा उलगडा झाला. थंडीच्या दिवसांत आमच्या बंदरात पर्यटकांच्या मोठ्या बोटी लागत. सकाळी लागायच्या, संध्याकाळच्या आत निघायच्या. तेवढ्या वेळात उतारूंना दीपगृह, जुनं ग्रंथालय आणि बाजार दाखवून परत धक्क्यावर आणून सोडायचं, हे ताईंचं काम. बंदराच्या कचेरीने दिलेला बिल्ला लावून त्या वीस-बावीस जणांचा गट घेऊन निघत. आता बोट देशोदेशी फिरते, तिचं घड्याळ तिचं तिचं. कधी गावाच्या तासभर पुढे, कधी मागे, तर कधी रात्रीत बदलून गावाबरोबर केलेलं. म्हणून डाव्या हातावर गावाची वेळ आणि उजव्या हातावर बोटीची. शिडीवरून पहिला उतारू उतरला की ताई त्याला वेळ विचारून उजवं घड्याळ लावत आणि मगच "नमस्कार" म्हणत.

त्यांचे यजमान गोदामात मालाची नोंद ठेवत. छापखान्याच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली यंत्र सुरू झालं की वर कपबशा किणकिणत. मी गेलो की ते म्हणायचे, "या सर. आमच्या घरात वेळा दोन, पण बोलणारं माणूस एकच."

"आणि ऐकणारं एकही नाही," ताई आतून म्हणायच्या.

मुलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने जाणं वाढलं. सुट्टीच्या दिवशी मी कितीदा तरी त्यांच्या गटाच्या शेपटाला लागून हिंडलो. माझंच शहर मला त्यांनी दाखवलं, असं म्हटलं तरी चालेल. ग्रंथालयाच्या जिन्याची सातवी पायरी इतरांपेक्षा दोन बोटं उंच आहे, हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. ताई तिथे थांबून प्रत्येकाला सांगत, "इथे पाय जरा जास्त उचला. गवंडी त्या दिवशी घरी भांडून आला होता."

बाजारात तर त्यांचा थाट विचारू नका. एकाही दुकानदाराशी त्यांचं साटंलोटं नव्हतं, त्यामुळे सगळे त्यांना वचकून असत. उतारूंना त्या आधीच शिकवून ठेवत, "पहिला भाव ऐकला की हसायचं. दुसरा ऐकला की वळायचं. तिसऱ्याला पिशवी उघडायची." छत्रीवाला कपाळावर हात मारायचा. "ताई, तुम्ही यांना शिकवता आणि उपाशी आम्ही मरतो!"

"तुझं पोट आधी आत घे, मग उपाशी म्हण."

आणि गट बाजारात सुटण्याआधी शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "बायकोसाठी नवरा थांबेल, बोट थांबणार नाही." सव्वीस वर्षांत त्यांचं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण शेवटचा उतारू शिडी चढला की त्या पदर खोचायच्या आणि कुणाकडेही न बघता घरी चालू लागायच्या. ती चाल मी ओळखायला लागलो होतो.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या दिवशी मी बाजारात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेलो होतो. ताईंचा गट तिथेच पांगला होता. कुणी मण्यांच्या माळा बघत होतं, कुणी पितळेच्या घंट्या वाजवून बघत होतं. एक वयस्क उतारू बाई ताईंपाशी आल्या, आपल्या चावीच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चारला पाच कमी. बोटीवर गेल्यावर चहा मिळेल ना?"

ताईंनी उजवा हात वर केला. त्यात तीनला पाच कमी होते. मग डावा वर केला. त्यातही तेवढेच.

त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. सकाळी शिडीवरून पहिला उतरला होता तो एक तरुण. वेळ विचारल्यावर त्याने खिशातून फोन काढून बघितला होता. जमिनीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्या शहाण्या फोनने आपणहून गावची वेळ लावून घेतली होती. ताईंना वाटलं, बोटीने रात्रीत घड्याळ बदललं असेल. प्रत्यक्षात बोट तासभर पुढे होती. साडेचारला शिडीवर हजर व्हायचं, पाचला बोट सुटायची, म्हणजे आमच्या चारला. धक्का अर्ध्या तासाच्या वाटेवर.

"सर!" त्यांनी मला दंडाला धरलं. "ही माणसं तुम्ही घेऊन जा. सरळ धक्क्यावर. एक आजोबा दिसत नाहीत, त्यांना मी घेऊन येते."

"अहो, मला त्यांची भाषा धड..."

"छत्तीस वर्षं पोरं सहलीला नेलीत ना? चला!"

मी चष्म्याशिवाय एकवीस परदेशी माणसं दोन-दोनच्या रांगेत लावली. खरंच लावली. शिट्टी नव्हती, म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या चहावाल्या बाईंनी आपणहून माझा हात धरला आणि पुढचा रस्ता आम्ही तसेच गेलो. सव्वातीन उलटून दहा मिनिटं झाली तेव्हा पोचलो. सगळे चढले. तो फोनवाला तरुण जाताना माझा फोटो काढून घेऊन गेला.

आजोबा सापडले ते न्हाव्याच्या खुर्चीत. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस, आणि डोळे मिटून स्वस्थ. ताईंनी सारा बाजार पालथा घातला होता, पण न्हाव्याकडे कोण बघणार? न्हावी म्हणाला, "ताई, अर्ध्या तोंडाने कसा सोडू? दुकानाची अब्रू आहे!" ताईंनी आजोबांच्या गळ्यातला टॉवेल काढला. पण आजोबांचा गुडघा धरलेला. त्या वेळी रस्त्यात एक रिक्षा मिळेना. त्यांना आधार देत त्या धक्क्यावर आल्या तेव्हा दोर सोडलेले होते, आणि बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची पट्टी रुंदावत होती. वर कठड्याशी एक वृद्ध बाई उभी होती. आजोबांनी हात हलवला. तिने हलवला नाही.

"बायको," आजोबा म्हणाले.

मला वाटलं होतं, ताई रडतील. त्यांनी पदराने आजोबांच्या गालावरचा वाळलेला फेस पुसला आणि त्या कचेरीत गेल्या. बोटीने आजोबांचा पासपोर्ट तिथे ठेवला होता. बोट दुसऱ्या दिवशी याच किनाऱ्यावरच्या पुढच्या बंदराला लागणार होती. ताईंनी बायकोला निरोप पोचवायला लावला आणि आजोबांना घरी आणलं. यजमानांनी दार उघडलं, आजोबांकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, आणलास तो अर्धाच?" पाठोपाठ न्हावी आपली पेटी घेऊन हजर झाला आणि उरलेला गाल करून गेला.

पहाटेच्या एस.टी.ने ताई त्यांना घेऊन स्वतः निघाल्या. नऊ तासांचा रस्ता. तिथली बोट सुटायच्या दोन तास आधी त्यांनी आजोबांना शिडीशी नेऊन उभं केलं. बायको खाली उतरून आली. तिने नवऱ्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट बघितला आणि म्हणाली, "निदान दाढी तरी बरी केलीस." मग मात्र ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. हे ताईंनी मला परत आल्यावर सांगितलं आणि म्हणाल्या, "तिला एक रात्र काय वाटलं असेल, सर."

कचेरीला देण्याचा खुलासा त्यांनी मला वाचायला दिला. पाऊण पान होतं. मी त्यात फोनबद्दल दोन ओळी घालाव्यात असं सुचवलं. शिक्षकाला चूक कुणाची हे ठरवण्याची खोडच असते. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"घड्याळ मी लावलं, सर. फोनने माझा हात नव्हता धरला. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

खुलाशाबरोबर त्यांनी बिल्लाही कचेरीत परत दिला. कचेरीचा साहेब भला माणूस होता. पुढच्या हंगामात बिल्ला परत न्या म्हणून त्याने दोनदा निरोप पाठवला. ताई गेल्या, पण गट घेतला नाही. "वाटेत मला माणसं दिसणारच नाहीत आता, नुसती घड्याळं दिसतील," असं म्हणाल्याचं मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. त्याऐवजी त्यांनी धक्क्यावरचं एक काम मागून घेतलं. ते आजवर कुणी केलं नव्हतं, म्हणून त्याला कचेरीत नावही नव्हतं.

ग्रंथालयाच्या जिन्यावर आता नवीन मुलं गट घेऊन येतात. सातव्या पायरीशी कुणी थांबत नाही, आणि दर गटातला एकतरी ठेचकाळतो. मी तिथे वर्तमानपत्र वाचायला जातो, म्हणून दिसतं.

ताई यंदा चौसष्टच्या झाल्या. बोटीच्या दिवशी सकाळी त्या शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला, एकूणएक उतारूला, बोट सुटायची वेळ दोन्ही घड्याळांत सांगतात, गावाच्या आणि बोटीच्या.