विहीनबाईची साडी आन कलकत्त्याचा नाला

हसायचं असन तर चहा खाली ठेवून हसा बरं. मागच्या खेपेले हा किस्सा सांगतानी माह्या जावेच्या नाकात चहा गेला होता.

जंगलात मी कधी हरवली नाई, हे आधी ध्यानात ठेवा. वैनगंगेच्या काठची मी ढिवराची बाई. मासोळीपायी कुठी कुठी भटकली, पन सांजेले चुलीजवळ हजर. शाळेचं तोंड पाह्यलं नाई, पन वाट मले विचारा.

माहा पोरगा देवाजी तवा ऊर्जानगरले विजेच्या कारखान्यात कामाले होता. सुटी भेटली तसा तो मले आन त्याच्या सासूले कलकत्त्याले घेऊन गेला. विहीनबाई वरोऱ्याच्या, चौथी पास. चौथी पास म्हंजे काय, हे त्यांनी दर टेशनाची पाटी मोठ्यानं वाचून मले दाखवलं. माह्या पाठीवर देवाजीची खाकी पिशवी, त्यात चिवडा आन वाळल्या मासोळ्या. कलकत्त्यात मासोळी भेटन का नाई, कोनाले ठाऊक?

पह्यल्या दिवशी गंगेत आंघोळ केली आन ट्रामनं धर्मशाळेत आलो. दुसऱ्या दिवशी पोरानं तिकीट काढून वाघ दाखवला. आमच्या बांधावर फुकटात येऊन बसते तो! आन हा तर झोपलेला.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. देवाजी सकाळी बाहेर निघतानी म्हनला, "मा, चार वाजता टेशनावर निघाचं आहे. इथून हलू नोको. गाडी हुकली तर माही ड्युटी गेली."

तो गेला, विहीनबाई धुतलेली साडी गच्चीवर वाळत टाकून आल्या, आन मी उठली. मासोळीबाजार पाह्यल्याबिगर ढिवराची बाई घरी जाईन का? गेलो दोघी. माह्या कमरेएवढे रोहू पाह्यले, जीव निवला. परत फिरलो तं सगळ्या गल्ल्या एकसारख्या.

"विहीनबाई, पाटी वाचा."

त्यांनी लय वेळ पाह्यलं. "बंगालीत आहे जी."

"मंग चौथी काऊन आनली इथवर?"

फिरून फिरून एका नाल्यावर आलो. दम खायले एका उंच भितीच्या सावलीत टेकलो. वरून लुगडी लटकून राह्यली होती. विहीनबाई म्हनल्या, "ती लाल काठाची माह्या साडीसारखी दिसते."

"इथल्या सगळ्याच बाया लाल काठाच्या नेसतेत. उठा. जंगलात वाट चुकली तं नाला धराचा, पानी जाते तिकडं जायाचं. नाला गंगेले भेटन. गंगेपासून ट्रामचे रूळ, रुळानं धर्मशाळा. मले ठाऊक आहे."

पान्यावर एक हिरवा नारळ तरंगत चालला होता. मी म्हनली, हाच आपला वाटाड्या. नारळ पुढं, आमी मागं. घाट गेले, म्हशी गेल्या, लाकडाच्या वखारी गेल्या. विहीनबाईची चप्पल तुटली. त्या "अजून किती?" म्हनत, मी "आलंच" म्हनत. सूर्य कलला तसे मी पाय उचलले. पोराची ड्युटी माह्या पायानं जाते का काय?

आन नारळ थांबला. मंग हळूच उलटा फिरला.

"विहीनबाई, हा वापस काऊन येऊन राह्यला?" त्यांनी मले विचारलं. "तुमच्या जंगलातला नाला बी असाच फिरते का?"

खरं सांगते, माह्या जल्मात नाला उलटा चढतानी पाह्यला नव्हता. पन चौथी पास बाईसमोर तोंड पाडायचं? म्हनली, "पानी जाते तिकडं जायाचं, हाच नियम. चला."

तेच लाकूड, त्याच म्हशी, तेच घाट. नारळ एका भितीपाशी काठाले लागला. वर लाल काठाची साडी.

तितक्यात गच्चीवरून देवाजी वाकला. "मा! कुठी होती? साडेतीन झाले ना!"

ती धर्मशाळेची मागची भित होती. आमी समोरूनच आत-बाहेर केलेलं, मागून कोन पाह्यलं होतं? देवाजी खाली येऊन आमाले आत घेऊन गेला, आन जिना चढता चढता त्यानं सांगितलं, समुद्राले भरती आली का या नाल्याचं पानी उलटं चढते, दिवसातून दोन डाव.

मी मान वर करून म्हनली, "पाह्यलं विहीनबाई? पानी बरोबर घरी आनते. आता गाडी भेटन का नाई?"

त्यांनी गच्चीवरची साडी काढली, झटकली, नीट घडी घातली.

"काई नाई जवाईबापू," त्या म्हनल्या, "साडी ओली होती. वाळेपर्यंत तुमच्या मायनं मले इथून इथीच आनलं."