देवीचा कागद

गेल्या वर्षी नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी राहिले, दवाखान्याच्या पायऱ्याही अनवाणीच चढले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझे यजमान गेले. तेव्हापासून मी देवीशी बोलणं टाकलं. भांडणसुद्धा नाही, नुसता अबोला. यंदा बोरगाव मेघेच्या आमच्या घरी घट बसला नाही. सकाळी उठायचं, डबा भरायचा आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना घेऊन सेलूकडच्या खेड्यांत जायचं, एवढंच उरलं होतं. मुली घरोघरी जाऊन काम शिकतात आणि मी त्यांच्या चुका काढते. वीस वर्षं चुका काढून माझी जीभ तशीही तिखट झालेली, त्या वर्षात तर तिला धरबंधच राहिला नव्हता.

यंदाच्या तुकडीत निकिता नावाची मुलगी होती. कामाला फार संथ. ज्या घरी तान्हं असेल तिथे ती बाळाच्या तळपायांना हात लावून बराच वेळ बसायची. "निकिता, पाया पडून झालं असेल तर पुढच्या घरी जाऊ या का?" असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. सगळ्या हसल्या, बिचारी तीही हसली. तिला नापास करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

नवरात्राचा पाचवा दिवस होता. भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरी निकिता आणि मी ओसरीवर बसलो होतो. सुनेला बाळ होऊन चार दिवस झाले होते, पण सासूने आम्हाला आत जाऊ दिलं नाही. "पाचवी झाल्याबिगर आमी भायेरच्याले लेकरू दाखवत नाई. आन् लय गुणाचं हाय वो, रडतच नाई." निकिताने माझ्याकडे पाहिलं. ऊन चढत होतं, अजून बरीच घरं राहिली होती. मी वहीत 'बाळ ठीक' असं लिहून टाकलं आणि निदान आजींचं ब्लडप्रेशर बघू, म्हणून तिला बॅग उघडायला सांगितली.

आमची बॅग कुणाच्या घरी थेट जमिनीवर टेकवायची नसते. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, मग त्यावर बॅग, असा नियम मीच शिकवते. निकिता वर्तमानपत्राची पानं उलटत बसली. नवरात्रात पानोपानी देवीचे फोटो, आणि ही बिनफोटोचं पान शोधत होती! माझा संयम सुटला. मी तिच्या हातून एक पान ओढलं, खाली अंथरलं आणि बॅग त्यावर ठेवली.

आजी ताडकन उठल्या. "अवं मॅडम, देवीच्या तोंडावर थैला काऊन ठेवला? उचला आधी!"

मी बॅग उचलली. खरं सांगायचं तर मला शरमेपेक्षा रागच जास्त आला. "मग तुम्हीच घ्या आजी, ठेवा देवाजवळ," मी म्हणाले.

"आमाले सोयर हाय ना. मले कसा हात लावता येईन?" आजी निकिताकडे वळल्या. "पोरी, तू ने. आत देव्हारा हाय, तेथी ठेवजो."

देव्हारा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी, भिंतीतल्या कोनाड्यात होता. निकिता कागद कपाळाला लावून आत गेली. थोड्याच वेळात तिची हाक आली, "मॅडम, आत या. आत्ता." इतक्या ठामपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आजींना न विचारताच मी आत गेले.

बाळ आईच्या कुशीत मलूल पडलं होतं. दारातून ते दिसताच निकिता सरळ खोलीत शिरली होती, तिचा हात त्याच्या तळपायांवर होता. "गार आहेत, मॅडम. पोटसुद्धा गार आहे." सून घाबरून म्हणाली, "सकायपासून दूधच नाई ओढून राह्यलं. मले वाटलं, झोपलं." चार दिवसांचं बाळ रडत नाही, हे ऐकूनही मी 'ठीक' लिहिलं होतं. निकिताने तोवर बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावलं, वरून गोधडी पांघरली. मी एकशेआठला फोन केला. गाडीची वाट पाहताना त्या कोनाड्यासमोर आले, तर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "आई!"

बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर कठीण होतं, असं वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले. याला कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला इतकंच ठाऊक आहे की मी ते दार सोडून निघाले होते आणि माझ्याच उर्मट हाताने अंथरलेल्या कागदामुळे ते उघडलं. ज्या संथपणासाठी मी त्या पोरीला नापास करणार होते, त्यानेच बाळ वाचलं. मी तिची माफी मागितली, तर तीच रडायला लागली.

बाळ घरी आल्यावर आजींचा फोन आला. "सोयर फिटलं, मॅडम. पन तो कागद आमी हालवला नाई. तुमी येजा एकडाव." मी निकिताला घेऊन गेले. कोनाड्यात तो कागद तसाच होता, बॅगेखाली पडलेल्या सुरकुत्यांसकट. वर्षभराने मी हात जोडले. यजमान गेल्याचं दुःख काही कमी झालं नव्हतं. पण गेल्या नवरात्रात मी देवीकडे हट्ट धरला होता, आज मागायला काहीच सुचेना. "तू ठेवशील तशी राहीन," एवढंच म्हणाले आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात आतून बाळाने टाहो फोडला. आजी सुनेवर ओरडल्या, "अवं, घे त्याले! मॅडम हात जोडून राह्यल्या ना!"

"राहू द्या आजी," मी म्हणाले. "रडू द्या त्याला."