आपण विकलेलं पिस्तूल

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्राउनश्वाइगच्या लॅबमध्ये होते. ऑक्टोबरातली गुरुवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन. ताई एर्लांगेनहून बोलत होती. "मेघना, हे गेले गं," एवढंच म्हणाली, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "कसे?" असं कुणीही विचारतं. पण मी ज्या आवाजात विचारलं तो ताईने ओळखला. मग म्हणाली, "तसं काही नाही. बसस्टॉपवर उभे होते, तिथेच कोसळले. हार्ट." मला सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. ती लाज काही जात नाही, आणि ती आली कुठून हे सांगायचं तर भावोजींच्या पिस्तुलांबद्दल सांगावं लागतं.

जयंत भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शुभाताईचे यजमान. मिरजेचे, मेकॅनिकल इंजिनिअर. नव्वदच्या दशकात जर्मनीत आले आणि एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत शेवटपर्यंत राहिले. सायकलने ऑफिसला जायचे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालायचे. घरात गांधीलमाशी शिरली तर तिच्यावर ग्लास पालथा घालून, खाली पोस्टकार्ड सरकवून तिला बाल्कनीत सोडून यायचे. मी दोन हजार दहा साली पीएचडीला आले तेव्हा पहिला ख्रिसमस त्यांच्याकडेच काढला. इस्त्रीचं टेबल शोधत मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते तिजोरी उघडी टाकून बसले होते. समोर फ्लॅनेलच्या कापडावर चार पिस्तुलं मांडलेली. मी दारातच थांबले. "ये ये," ते म्हणाले, जणू पोस्टाची तिकिटं लावत बसलेत. "चावत नाहीत."

माझ्या तळहातापेक्षाही लहान होती ती. शंभर वर्षांपूर्वी इथे अशी कोटाच्या खिशात मावणारी पिस्तुलं कितीतरी कारखाने बनवायचे. सायकलवाले कुत्र्यांच्या भीतीने बाळगायचे, बायका पर्समध्ये ठेवायच्या. ते कारखाने कधीच बंद पडले. भावोजी ही जुनी पिस्तुलं विकत घ्यायचे, एकसारखी दोन झाली की त्यातलं एक विकायचे. सगळं कायद्यात बसणारं. त्यांच्याकडे संग्राहकाचं लाल परवानापत्र होतं. ते मिळवायला त्यांनी परीक्षा दिली होती, तज्ज्ञाचा दाखला जोडला होता. प्रत्येक खरेदी-विक्री दोन आठवड्यांच्या आत आम्टात, म्हणजे सरकारी कचेरीत, कळवावी लागायची. गोळ्या ठेवायची परवानगी त्या परवान्यात नव्हती आणि त्यांना त्या नकोच होत्या. मग ही हवीत कशाला? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घड्याळासारखं आहे बघ. एवढ्याशा जागेत तीस-बत्तीस भाग, आणि प्रत्येकाला काम आहे." मला ते पटलं. पुढे त्यांच्या मुलीने, ईराने विचारलं तेव्हा तिला वेगळंच उत्तर दिलेलं मी ऐकलं. ताईला तिसरंच. ताई म्हणायची, "माणसाला काहीतरी खूळ लागतं, दारूपेक्षा हे बरं."

त्यांच्याबरोबर मी दोन-तीनदा वाफेनबोर्झेला, म्हणजे जुन्या शस्त्रांच्या बाजाराला गेले. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, कॉफीचा आणि तेलाचा वास, पांढऱ्या मिशांचे पुरुष. भावोजी पिस्तूल हातात घेण्याआधी विक्रेत्याची परवानगी मागायचे. मग स्लाइड मागे ओढून आत बघायचे, भागांवरचे नंबर जुळतात का ते भिंगातून तपासायचे, मुठीची पट्टी बदललेली आहे का ते नखाने चाचपायचे. भावात घासाघीस करायचे नाहीत, पण एक प्रश्न हटकून विचारायचे, "हे तुमच्याकडे कुठून आलं?" आणि मग उत्तर ऐकत उभे राहायचे. कुणाच्या आजीचं असायचं, कुणाला घर विकत घेतल्यावर माळ्यावर मिळालेलं असायचं. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत ते अर्धा-अर्धा तास ऐकायचे, आणि पुष्कळदा काही न घेताच निघायचे. मला कंटाळा यायचा. वस्तू घ्यायला आलेत की गोष्ट, ते मला कधीच नीट कळलं नाही.

दोन हजार तेराच्या वसंतात मी ईस्टरच्या सुटीला एर्लांगेनला होते. शनिवारी दुपारी एक गिऱ्हाईक येणार होतं. भावोजींकडे एकसारखी दोन झालेली होती, त्यातलं एक घ्यायला. हेर् वेंडलर नावाचे निवृत्त वनरक्षक, बाम्बेर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातले. शिकारीचा परवाना असलेल्या माणसाला इथे छोटं पिस्तूल बाळगता येतं, जखमी जनावराचे हाल थांबवायला म्हणून. माणूस उंच, स्वच्छ दाढी केलेला, हिरवं जाकीट. पिस्तुलाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. भिंग नाही, नंबर नाही. भावोजींनी आपला नेहमीचा प्रश्न उलटा करून विचारला, "तुम्हाला हेच का हवंय?" ते म्हणाले, "हलकं आहे." भावोजींनी त्यांचे कागद एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग चहा करतो म्हणून आत आले. मी ओट्याशी भाजी चिरत होते. गॅस न पेटवताच ते नुसते उभे राहिले.

"मेघना, देऊ का याला?"

"का? कागद नाहीत?"

"आहेत ना. सगळे आहेत."

"मग द्या की," मी म्हणाले. मला खरं म्हणजे त्यांनी लवकर मोकळं व्हावं असं वाटत होतं, कारण आम्ही सगळे संध्याकाळी बाहेर जाणार होतो. ते आणखी थोडे थांबले, भांड्यात पाणी ओतलं, आणि बाहेर जाऊन त्यांनी ते पिस्तूल विकलं.

जूनच्या शेवटी त्यांचा मला फोन आला. एरवी फोन ताई करायची आणि ते मागून काहीतरी बोलायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतः केला. पोलिसांनी चौकशीसाठी त्यांना फोन केला होता, नोंद पडताळायला, बाकी काही नाही. हेर् वेंडलर आपल्या घरात मृतावस्थेत सापडले होते. त्यांनी स्वतःच... भावोजींनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "आपण विकलेलं पिस्तूल होतं."

आपण. हा शब्द मी गेली पाच वर्षं उलटसुलट करून पाहते आहे. 'मी विकलेलं' म्हणता आलं असतं. 'आम्ही' म्हणाले असते तर त्यात मी नसते. पण ते 'आपण' म्हणाले. घरात आपण सहज म्हणतो ना, आपण गाडी घेतली, आपण भात लावलाय... तसं ते बोलून गेले? की त्या ओट्यापाशी मी जे म्हणाले ते त्यांच्या लक्षात होतं आणि मला ते कळावं असं त्यांना वाटत होतं? की उलट, आपण दोघांनी मिळून हे पेलू, असा धीर त्यात होता? मी फोनवर म्हणाले, "भावोजी, त्यांच्याकडे शिकारीच्या बंदुका होत्याच ना. तुमचं नसतं तर..." ते म्हणाले, "हो. आल्झो... म्हणजे, होत्या." आणि फोन ताईकडे दिला.

त्यानंतर त्यांनी विकणं बंद केलं. खरेदी मात्र थांबली नाही, वाढली. पूर्वी त्यांना चांगल्या स्थितीतला, दुर्मिळ नमुना लागायचा. आता गंजलेली, फुटक्या मुठीची पिस्तुलंही घरी यायला लागली. कुलूपबंद पेटी घेऊन ते रीजनल ट्रेनने कुठच्या कुठे जायचे. वारशाने आलेल्या पिस्तुलाचं काय करायचं ते न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडे, कधी एकट्या राहणाऱ्या पुरुषांकडे. एकदा अशा एका गृहस्थाने महिन्याभराने फोन करून पिस्तूल परत मागितलं. भावोजींनी दिलं नाही. तो माणूस फोनवर ओरडत होता आणि भावोजी जर्मनमध्ये "या... या...", म्हणजे हो, हो, करत ऐकत होते, एकदाही आवाज न चढवता. ताई वैतागली, "अहो, दुकान काढायचंय का?" मीही विचारलं. म्हणाले, "इथं तिजोरीत आहे तोवर बरं आहे." मला तेव्हा वाटलं, प्रायश्चित्त घेतायत. पण मग ते दर रविवारी इतक्या आनंदाने, गुणगुणत त्या पिस्तुलांना तेल कसे लावत बसायचे? प्रायश्चित्त घेणारा माणूस असा दिसतो का? मला माहीत नाही.

त्या 'आपण'बद्दल मी विचारायचं ठरवलं होतं. या वर्षीच्या जुलैत ते मला स्टेशनवर सोडायला आले. गाडीला वीस मिनिटं उशीर होता. म्हटलं, विचारू. "भावोजी, ते वेंडलर..." एवढं म्हणाले, तेवढ्यात प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली आणि त्यांनी माझी बॅग उचलून जिन्याकडे धाव घेतली. साठीच्या घरातला माणूस माझी बॅग घेऊन पळतोय आणि मी मागून "अहो, द्या ती" म्हणतेय. ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर पिस्तुलांचं काय करायचं हे ताईला ठरवावं लागणार होतं. वारसाने महिन्याभरात कचेरीत कळवायचं असतं. ठेवायची तर त्यांना कुलपं बसवून घ्यावी लागतात, नाहीतर परवानाधारकाला विकायची, किंवा सरकारजमा करायची. सांत्वनाचा फोन करणाऱ्या एका संग्राहकाने सगळी एकदम घेण्याची तयारी दाखवली. ईरा म्हणाली, "माख्त, वास ईअर वोल्ट," तुम्हाला हवं ते करा, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, ताई विकेल आणि मोकळी होईल. पण ती म्हणाली, "विकायची नाहीत. त्यांनी विकणं बंद केलं होतं." हे तिने लक्षात ठेवलं होतं. का बंद केलं होतं, हे तिला ठाऊक होतं का? विचारायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून मग जमा करायची ठरली. आम्टातल्या बाई सभ्य होत्या. एकेक पिस्तूल हातात घेऊन त्याचा नंबर आपल्या यादीशी ताडून पाहत होत्या. एकोणतीस निघाली. मध्येच त्या थांबल्या. "हे तुमच्या यजमानांनी तेरा साली विकलंय," त्या ताईला म्हणाल्या, "आणि चौदा साली परत विकत घेतलंय." मी यादीत वाकून पाहिलं. विकणाऱ्याच्या जागी फ्राउ वेंडलर असं नाव होतं. हेर् वेंडलरांची बहीण, त्यांची वारस. ताईने काहीच विचारलं नाही. बाईंनी नंबरापुढे खूण केली आणि ते पिस्तूल बाकीच्यांबरोबर प्लास्टिकच्या पेटीत ठेवलं. चार वर्षं ते त्या तिजोरीत होतं. मी त्या खोलीत झोपले होते, भावोजींसमोर बसून चहा प्यायले होते.

पुढच्याच शनिवारी मी ईराला घेऊन फ्राउ वेंडलरांकडे गेले. ईरा का आली मला माहीत नाही, पण ती आली. खेड्याच्या टोकाला घर, मागे प्लमची झाडं. फ्राउ वेंडलर ऐंशीच्या आसपासच्या. भावोजी गेले हे फोनवर सांगितलं होतं, तरी दारात त्यांनी ईराचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सांगू लागल्या. पहिल्यांदा ते पिस्तूल घ्यायला आले, म्हणाले की ते इथे राहायला नको. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा आले, प्लम उतरवायला. मग दर सप्टेंबरला. या वर्षीही आले होते, जाण्याच्या पाच आठवडे आधी. शिडीवर चढले होते. घरी कधी प्लम आणल्याचं ईराला आठवत नव्हतं.

"त्या विक्रीबद्दल काही बोलले का ते?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी. तिथे, त्या खुर्चीत. विकायला नको होतं म्हणाले."

"मी विकलं म्हणाले, की आम्ही विकलं? 'इश' म्हणाले की 'वीअर'?"

फ्राउ वेंडलर माझ्याकडे बघत राहिल्या. ईराही बघत राहिली. "ते महत्त्वाचं आहे का?" फ्राउ वेंडलर म्हणाल्या. "मला वाटतं 'वीअर'... नाही, 'इश' असेल. मला खरंच आठवत नाही, बाई. मी तेव्हा शब्द ऐकत नव्हते. एक अनोळखी माणूस माझ्या भावासाठी रडत होता, एवढंच मला दिसत होतं."

त्यांनी आम्हाला जेवायला थांबवलं. उकडलेले बटाटे आणि क्वार्क, इथलं चक्क्यासारखं मऊ चीज. बसताना त्यांनी फडताळातून एक बरणी काढून टेबलावर ठेवली आणि बटाट्यांवर तिच्यातली पिवळट पूड चमच्याने भुरभुरवली. वास आला आणि ईराने मान वर केली. मेतकूट. भावोजी घरी स्वतः डाळी भाजून करायचे. "तुझे बाबा दर वर्षी आणायचे," फ्राउ वेंडलर म्हणाल्या. "मला हे फार आवडतं. पण बरणीवर काय लिहिलंय ते विचारायचं राहूनच गेलं."

बरणीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर भावोजींचं बारीक, तिरकं अक्षर. घरातल्या सगळ्या बरण्यांवर असायचं तसंच. ईराला देवनागरी वाचता येत नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं.

"वरती पुडीचं नाव आहे," मी म्हणाले, "आणि खाली लिहिलंय, संपलं की सांगा."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ वेंडलरांनी बरणी उचलली, खिडकीकडे धरून तळाशी किती उरलंय ते पाहिलं, आणि उरलेलं सगळं ईराच्या बटाट्यांवर उपडं केलं.