टेबलाची तोंडं

बिलियर्डसारखा पूल खेळायच्या टेबलाला हात लावण्याआधी रंभाजीभाऊ त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मला म्हणायचे, मार बॉल. मी पांढरा बॉल जोरात मारला की तो कडेच्या रबरांवर आपटत फिरायचा, आणि भाऊ नुसत्या आवाजावरून सांगायचे, खिडकीकडची बाजू गेली. मालक म्हणायचा, रबर तर चांगलं दिसतंय. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "रबर मेलेलं दिसत न्हाई. बॉल जातो तिथवर, पर माघारी यायचं इसरतो."

टेम्पो माझा, हात त्यांचे. सुप्याच्या कारखान्यांपासून राहुरीच्या हॉस्टेलांपर्यंत जिथं टेबल असेल तिथं आम्ही जायचो. कडेच्या पट्ट्या खोलायच्या, कडक झालेलं रबर खरवडून काढायचं, सोल्युशन लावून नवं बसवायचं, वरून हिरवं कापड ताणायचं. बॉल ज्यात पडतो त्या पॉकेटला ते तोंड म्हणत. रबराचं टोक जरा जास्त तासलं की तोंड मोठं होतं, टोकाला जाड तुकडा चिकटवला की लहान. एकदा एका कॉलेजकुमारानं तोंड बारीक ठेवलंय म्हणून कुरकुर केली. भाऊ म्हणाले, "तोंड बराबर हाय, राजा. तुझा घास मोठा हाय."

देवळाली प्रवरेजवळच्या एका क्लबात देठे साहेब रोज खेळायला यायचे. साखर कारखान्यातून रिटायर झालेले केमिस्ट. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि जिंकले की सगळ्यांना चहा सांगायचे. एकदा ते चहाचा कप स्टुलावर ठेवायला गेले, तो स्टुलाच्या बाहेर पडला. भाऊंनी फरशी पुसली. त्या खेपेला नवं रबर बसवताना त्यांनी टोकं मापापेक्षा जास्त तासली. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "साहेबाला कमी दिसाया लागलंय. चार बॉल गेले तर घरी जाऊन नीट जेवतील तरी. तू कुठं बोलू नको."

पुढं दर खेपेला ते थोडं थोडं तासत गेले. टेबल रोजचंच, म्हणून क्लबातही कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांना वाटायचं, हात अजून शाबूत आहे.

एका संध्याकाळी काम उरकल्यावर साहेबांनी मला डाव खेळायला बोलावलं. मी हरलो. चार माणसं बघत होती. साहेब खुशीत होते. म्हणाले, "रंभाजी, ह्याच्या कोपराला जरा ग्रीस लाव." सगळे हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं. मला ते लागलं, एवढंच.

मी म्हणालो, "साहेब, तुमच्यासाठी तोंडं मोठी केलीत. आंधळ्याचापण बॉल जाईल यात."

मापाच्या तोंडात दोन बॉल जेमतेम बसतात. साहेबांनी दोन बॉल घेतले, शेजारी शेजारी कोपऱ्याच्या तोंडात ठेवले आणि उरलेल्या फटीत बोट घालून पाहिलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात पाहिलं. भाऊ खाली बसून कापडाच्या चिंध्या गोळा करत होते, त्यांनी मान वर केली नाही. साहेबांनी काठी स्टँडला लावली आणि गेले. पुन्हा क्लबात आले नाहीत.

काही दिवसांनी क्लबानं तोंडं मापात आणायला आम्हालाच बोलावलं. भाऊंनी जाड तुकडे चिकटवले, बॉल लावून तपासले. परतताना साहेबांच्या घरासमोर टेम्पो थांबवायला सांगितला आणि एकटेच दारापर्यंत गेले. स्वयंपाकाच्या बाईनं दारातूनच सांगितलं, साहेब झोपलेत. ओसरीवर अजून ऊन होतं. गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाले, "त्यांला बॉल पडल्याला ऐकायचा हुता, सुभाष. तुला जिंकायचं हुतं."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही पुढंही कित्येक वर्षं एकत्र काम केलं. पाना दे, ताण, सोड, एवढंच बोलणं. साहेब गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही सुप्यात एका टेबलाचं रबर खरवडत होतो. भाऊंनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी सोल्युशनचा डबा मागितला, मी दिला. मला काही वाटलं नाही. नंतरही वाटलं नाही, आणि तेच मला अजून कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. प्रवरेच्या घाटावर दहावा झाला. श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. सोबत सगळ्यात जास्त मीच राहिलो, म्हणून कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, रंभाजीभाऊंनी आयुष्यात कधी माप चुकवलं नाही. लोकांनी माना हलवल्या.

चुकवलं होतं. एका माणसासाठी, जाणूनबुजून, कित्येक वर्षं. त्यांच्याबद्दल सांगावं असं तेच होतं, पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

निघताना त्यांची मुलगी जवळ आली. म्हणाली, "काका, बरं बोललात."

मी हो म्हटलं आणि टेम्पोत जाऊन बसलो.